निळं टोपण

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी दोन नळ्या आल्या,
दोन्ही निळ्या टोपणाच्या, दोन्ही अजून कोमट.
काळोखे यशवंत, चौसष्ट, भोसरी.
ढमढेरे इंदुमती, त्रेसष्ट, धायरी फाटा.
सेंट्रिफ्यूजमध्ये मी त्यांना समोरासमोर बसवलं.
तसंच बसवावं लागतं,
एकटी नळी घातली तर यंत्र थरथरतं.

दोघांच्याही मेंदूत डाव्या बाजूला गुठळी,
दोघांचाही उजवा हात गेलेला, वाचा गेलेली.
नमुने घेऊन आलेला वॉर्डातला सुदाम सांगत होता,
काळोख्यांची वेळ लगेच मिळाली.
बायको शेजारीच होती. तिनं आधी त्यांना धरलं,
मग घड्याळ पाहिलं. अकरा पस्तीस.

आणि बाईंची?
"शेवटचं नीट कुणी पाहिलं यांना?"
डॉक्टरांनी विचारलं तर
मुलानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं धाकट्या दिराकडे.
धाकटा म्हणाला, जेवताना वाढत होती की.
वाढणाऱ्याकडे कोण बघतं?
दहाची मालिका संपली तेव्हा भांडी वाजत होती.
कधी थांबली, कुणाला माहीत नाही.

औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं.
उशिरा दिलं तर गुठळीबरोबर काठही विरघळतो.
खडकवासल्याचे दरवाजे उघडल्यावर
पाणी आधी भिडे पुलावर चढतं, तसं काहीसं.

वेळ शेवटी सापडली ती सोसायटीच्या ग्रुपवर.
खालच्या मजल्यावरच्या गोखले काकूंचा मेसेज, दहा बावन्न:
"३०२ चा नळ दहा मिनिटं नुसता वाहतो आहे.
आधी भांडी तरी वाजत होती.
पाणी फुकट येत नाही. लक्ष द्यावे ही विनंती."
खाली तीन अंगठे, एक नमस्कार.
कुणीही उठलं नव्हतं.
डॉक्टर आफळ्यांनी तो मेसेज दोनदा वाचला
आणि कागदावर लिहिलं: दहा चाळीस.

औषध दोघांनाही गेलं, वजनाच्या हिशोबानं.

माझ्याकडे आकडे उतरत होते.
डी-डायमर बाईंचं चढं, फायब्रिनोजेनही चढं.
हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठ.
शेजारी छापलेलं असतंच:
पुरुष तेरापासून, स्त्री बारापासून.
तिच्यासाठी छापतानाच एक कमी धरलेला,
आणि ती त्याच्याही खाली,
बहुधा कितीतरी वर्षं, उभ्यानं.

आफळे एक जास्तीची नळी ठेवायला सांगतात,
त्यांच्या अभ्यासासाठी.
गुठळी सुटल्यावर कुणाचं रक्त बाहेर झिरपतं,
बायकांचं रक्त त्याची चाहूल वेगळ्या आकड्यांत देतं का.
मी एकदा विचारलं, मग देतं का?
म्हणाले, बायकांचे नमुने कमी पडतात हो.
उशिरा येतात. वेळ माहीत नसते. मग यादीतून गळतात.

मी मनात पैज लावली होती. बाईंवर.
आकडे तसेच होते.
पहाटे दुसरा सीटी झाला.
पांढरा डाग काळोख्यांच्या फिल्मवर उमटला.
ज्यांच्या बायकोनं घड्याळ पाहिलं होतं, त्यांच्या.
ती जिन्यात बसली होती,
हातात त्यांचं पाकीट, चष्मा आणि एक चप्पल.
मी तिच्या बाजूनं खाली उतरले.
माझ्याकडे तिच्यासाठी आकडासुद्धा नव्हता.

सुदाम म्हणाला, बाई काहीतरी बोलल्या.
मुलगा म्हणतो, "नळ".
सून म्हणते, नळ नाही, "नको".

दोघांच्या जास्तीच्या नळ्या फ्रीझरमध्ये शेजारी ठेवल्या.
लेबलवर नाव नाही. आकडा, आणि पु. किंवा स्त्री.
उणे ऐंशीला दोन्हींचा रंग सारखाच दिसतो.

घरी आले, सात चाळीस.
सगळे झोपलेले. रात्रीची भांडी तशीच.
नळ सोडला, आणि घासली,
जरा जास्तच वाजवून.